डांबरातून सुटलेले रस्ते

ऑक्टोबरातला पहिला रविवार, पहाटेचे पाच. इटलीच्या तस्कनी प्रांतातलं गायोले इन क्यांती हे एवढंसं गाव अजून अंधारात आहे, पण चौकात पाय ठेवायला जागा नाही. अंगात लोकरीच्या जर्सी, खांद्यावरून पाठीवर तिरपं गुंडाळलेलं जादा टायर आणि हातात आजोबांच्या काळातली सायकल, अशा थाटात माणसं उभी आहेत. कार्डावर शिक्का पडला की एकेक जण निघतो. काही किलोमीटरवर ब्रोलिओचा किल्ला लागतो. किल्ल्याकडे चढणाऱ्या कच्च्या रस्त्याच्या कडेला सायप्रसची उंच झाडं आणि बुंध्यांशी ओळीनं मांडलेले दिवे. कोणी फारसं बोलत नाही. चाकाखाली करकरणारी खडी तेवढी ऐकू येते.

या सोहळ्याचं नाव ‘लेरोईका’, म्हणजे ‘वीरांची’. इथले नियम कडक आहेत. सायकल १९८७ सालची किंवा त्याआधीची हवी. गिअरचा खटका हँडलवर चालत नाही, तो सांगाड्याच्या खालच्या दांडीवर हवा. ब्रेकच्या तारा हँडलवरून उघड्या आलेल्या दिसल्या पाहिजेत. वाटेतल्या थांब्यांवर एनर्जी जेलच्या पुड्यांऐवजी रिबोलिता मिळतं. शिळा पाव, घेवडा आणि कोबी एकत्र पुन्हा उकळून केलेला हा तस्कन शेतकऱ्याचा रस्सा. आपल्याकडे शिळ्या भाकरीचा काला करतात, त्याचाच हा दूरचा भाऊ. सोबत क्यांतीची लाल वाइनही असते.

१९९७ साली जांकार्लो ब्रोची या सायकलवेड्या गृहस्थाच्या पुढाकारानं हे सुरू झालं, तेव्हा ९२ जण आले होते. आता जगभरातून हजारो येतात. जुन्या सायकली, जुने कपडे, जुनं जेवण या सगळ्याची हौस खरीच; पण ब्रोची यांना मुळात जपायची होती ती या साऱ्यांच्या खाली पसरलेली गोष्ट. तस्कनीतले पांढरे, कच्चे रस्ते एकामागून एक डांबराखाली जात होते. ते वाचवायचे, तर त्यांच्यावरून जाणारी माणसं तरी दिसायला हवीत, असा तो हिशेब होता.

आज ‘ग्रॅव्हल बायकिंग’ नावानं जो सायकलीचा प्रकार अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत फोफावला आहे, त्याच्या मुळाशी असेच कच्चे रस्ते आहेत. ग्रॅव्हल म्हणजे खडी. गावाकडच्या माणसाला हा शब्द वेगळा समजावून सांगायला नको. रस्त्याचं आधी खडीकरण होतं, मग कधीतरी डांबरीकरण. या दोन टप्प्यांच्या मधे राहून गेलेल्या, डोंगरउतारावरून खाली नदीच्या खोऱ्यात उतरणाऱ्या, दिवसाकाठी चार ट्रॅक्टर आणि एखादी जीप पाहणाऱ्या रस्त्यांवरून लांबवर सायकल चालवायची, एवढीच या छंदाची व्याख्या. रस्त्याचं जे अपुरेपण गावकऱ्याला खुपतं, त्यावरच हा छंद उभा आहे.

मागितलं एकानं, मिळालं दुसऱ्याला

यातली गंमत अशी, की गुळगुळीत रस्ते हवेत असा पहिला मोठा गलका सायकलवाल्यांनीच केला होता.

दोन सारख्या चाकांची, साखळीनं चालणारी ‘रोव्हर’ सायकल इंग्लंडात १८८५ साली आली आणि १८८८ साली डनलॉपनं हवेचं टायर आणलं. त्यानंतर दहा वर्षांत सायकलींचं पेव फुटलं. रस्ते मात्र होते तसेच राहिले, घोडागाड्यांच्या मापाचे. अमेरिकेत ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ ही सायकलस्वारांची संघटना १८८० सालीच स्थापन झाली होती. तिनं ‘गुड रोड्स’ नावाची चळवळ चालवली आणि १८९२ पासून त्याच नावाचं मासिक काढलं. शेतकऱ्यांना पटवलं, आमदार-खासदारांच्या मागे तगादा लावला. १८९३ साली अमेरिकी सरकारनं शेतीखात्यात रस्त्यांची चौकशी करणारं एक लहानसं कार्यालय उघडलं. पुढच्या अवाढव्य महामार्ग-व्यवस्थेचं ते बीज.

रस्ते झाले, आणि त्यांच्यावर मोटारी आल्या. ज्यांनी रस्ता मागितला, त्यांनाच कडेला सरकावं लागलं.

त्या काळच्या सायकलस्वारांना खडी म्हणजे काही अप्रूप नव्हतं, दुसरा पर्यायच नव्हता. १८९७ च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराच्या २५ व्या पायदळ रेजिमेंटमधले वीस कृष्णवर्णीय सैनिक लेफ्टनंट जेम्स मॉस यांच्या नेतृत्वाखाली मोंटानातल्या मिझूलाहून सेंट लुईसला सायकलवर गेले. अंतर सुमारे १,९०० मैल, म्हणजे तीन हजार किलोमीटरांहून जास्त. वाटेत रॉकी पर्वत, चिखल, नेब्रास्काची वाळू, आणि जिथे रस्ताच नव्हता तिथे रेल्वेचे स्लीपर. सहा आठवड्यांच्या आत ते पोहोचले. लष्कराला घोड्याऐवजी सायकल चालेल का, हे पाहायचं होतं. प्रयोग यशस्वी झाला आणि फायलीत गेला.

डांबर पसरल्यावर काही जणांनी उलटी वाट धरली. मार्च १९१९ मध्ये डब्ल्यू. एम. रॉबिन्सन हा इंग्रज सायकलस्वार काही मित्रांसह वेल्समधल्या बर्विन डोंगररांगेवर चढला. केरिओग नदीच्या खोऱ्यातून निघून बर्फानं भरलेल्या खिंडीतून सायकली ढकलत, कधी उचलत, ते पलीकडे डी नदीच्या खोऱ्यात उतरले. ‘वेफेअरर’ या टोपणनावानं त्यानं लिहिलेला या सफरीचा वृत्तान्त इंग्लंडातल्या सायकलवाल्यांमध्ये फार गाजला. सायकलवरून उतरून चालावं लागलं तर त्यात कमीपणा नाही, हा त्याचा मुद्दा अनेकांना भावला. १९५५ साली अशाच माणसांनी ‘रफ स्टफ फेलोशिप’ हा क्लब काढला. सायकलीनं आडवाटा धुंडाळणाऱ्या क्लबांमध्ये तो सर्वांत जुना समजला जातो आणि आजही चालू आहे. वेफेअररच्या स्मरणार्थ त्या खिंडीत एक शिळा आहे.

अर्धेलीची शेतं, पांढऱ्या वाटा

तस्कनीतले रस्ते पांढरे का, याचं उत्तर जमिनीत आहे. ते कच्चे का राहिले, याचं उत्तर जमीनधाऱ्यात.

सिएना शहराच्या आग्नेयेला ‘क्रेते सेनेसी’ नावाचा मुलूख आहे. क्रेता म्हणजे चिकणमाती. काही दशलक्ष वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाचा गाळ वर आला आणि पावसानं कोरत कोरत त्याच्या लाटांसारख्या टेकड्या झाल्या. वसंतात त्या गव्हानं हिरव्या असतात, कापणीनंतर राखाडी-पिवळ्या. त्यांच्या मधून आर्बिया, ओम्ब्रोने, ओर्चा या नद्या वाहतात. आपल्या डोळ्यांना त्या ओढ्याएवढ्याच वाटतील, पण इतिहास थोर. आर्बियाच्या काठावर मोंतापेर्ती इथे १२६० साली सिएनानं फ्लॉरेन्सचा पराभव केला, ती गोष्ट सिएनाकर अजून कालच्यासारखी सांगतात. इंग्लंडातल्या कँटरबरीहून रोमला जाणारी यात्रेकरूंची मध्ययुगीन वाट याच खोऱ्यांतून जाते. आर्बिया ओम्ब्रोनेला मिळते त्या संगमाजवळच बुओनकोन्वेन्तो हे तटबंदीचं गाव आहे. ओर्चाचं खोरं २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

या टेकड्यांवर शतकानुशतकं ‘मेझाद्रिया’ पद्धतीची शेती होती. जमीन मालकाची, कष्ट कुळाचे, पीक निम्मं-निम्मं. आपल्याकडच्या अर्धेलीचाच हा प्रकार. प्रत्येक कुळाचं दगडी घर त्याच्या वाट्याच्या शेतात, बहुधा टेकडीच्या माथ्यावर. घराघराला जोडणारे, धान्य-द्राक्षांच्या गाड्यांसाठी केलेले रस्ते टेकड्यांच्या धारेवरून गेले. चुनखडीचा चुरा आणि स्थानिक दगडाची खडी टाकून ते दाबले, म्हणून ते उन्हात पांढरेफेक दिसतात आणि वाऱ्यावर पिठासारखे उडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळांची पोरं कारखान्यांकडे गेली. १९६४ च्या कायद्यानं अर्धेलीचे नवे करार बंद केले. माथ्यावरची घरं रिकामी पडली. ज्या रस्त्याच्या टोकाला कोणी राहत नाही, तिथे डांबर टाकायला कोण येतो?

मग तीच घरं शहरवाल्यांनी, परदेशी लोकांनी विकत घेतली आणि रस्त्यांवर डांबराची पाळी आली. लेरोईका नेमकी याच वेळी आली.

तिच्या पोटी २००७ साली व्यावसायिकांची शर्यत जन्मली. ‘स्त्रादे बियांके’, म्हणजे पांढरे रस्ते, हे तिचं आजचं नाव. पहिल्या वर्षी रशियाचा अलेक्सांद्र कोलोबनेव्ह जिंकला. दुसऱ्या वर्षापासून ती मार्चमध्ये भरू लागली आणि २०१५ पासून स्त्रियांची शर्यतही सुरू झाली. सुमारे दोनशे किलोमीटरांपैकी साठ ते ऐंशी किलोमीटर कच्चा रस्ता, आणि शेवट सिएनाच्या मध्ययुगीन चौकात. चौकाआधीची सांता कातेरीनाची दगडी गल्ली १६ टक्क्यांपर्यंत चढते. म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना सोळा मीटर वर. पाच तासांच्या धुळीनंतर हा चढ समोर आला की भलेभले पेडलवर उभे राहतात. २०१८ साली पाऊस पडला, क्रेतेची चिकणमाती भिजली आणि बेल्जियमचा टीश बेनोट चिखलाचा पुतळा होऊन जिंकला. २०२४ मध्ये स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार अंतिम रेषेपासून ८१ किलोमीटरांवर एकटा सुटला तो कोणाच्या हाती लागलाच नाही. पुढच्या वर्षी तो उतारावर घसरून पडला, खांदा-गुडघा सोलवटला, आणि तसाच जाऊन पुन्हा जिंकला.

पांढऱ्या रस्त्यांना प्रतिष्ठा आली ती अशी. युरोपात असे आणखीही रस्ते आहेत. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात १९८४ पासून ‘त्रो-ब्रो लेओं’ ही शर्यत शेतांमधल्या पाणंदींवरून होते. तिथे पहिल्या आलेल्या स्थानिक ब्रेटन स्वाराला बक्षीस म्हणून डुकराचं पिल्लू देतात.

चकमकीच्या टेकड्या

तस्कनीनं या छंदाला रूप दिलं. नाव आणि बाजार मात्र दिला अमेरिकेच्या मध्यभागानं, जिथे पर्यटक सहसा फिरकत नाहीत.

तिथला रस्त्यांचा नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा आहे. एकोणिसाव्या शतकात सरकारी मोजणीनं जमिनीचे मैल-मैलाचे चौकोन पाडले आणि चौकोनांच्या कडांनी रस्ते टाकले. वस्ती विरळ, वाहनं थोडी, म्हणून यातले बहुतेक खडीचेच राहिले. अमेरिकेतल्या एकूण सार्वजनिक रस्त्यांपैकी एक तृतीयांशाच्या आसपास रस्ते आजही कच्चे आहेत. २००५ साली आयोवात मार्क स्टीव्हन्सन आणि जेफ केरकोव्ह यांनी या रस्त्यांवरून राज्य ओलांडणारी ‘ट्रान्स आयोवा’ शर्यत भरवली. बक्षीस नाही, मदतीची गाडी नाही, अंतर तीनशे मैलांहून जास्त. २००७ पासून मिनेसोटात ‘अल्मान्झो’ नावाची शंभर मैलांची शर्यत होऊ लागली. तिला प्रवेशशुल्क नव्हतं. पोस्टकार्डावर नाव-पत्ता लिहून धाडायचा, की नोंद झाली.

या कुळातली सर्वांत गाजलेली शर्यत कॅन्सास राज्यातली. एम्पोरिया हे शहर निओशो आणि कॉटनवुड या दोन नद्यांच्या मधे वसलं आहे. त्याच्या पश्चिमेला ‘फ्लिंट हिल्स’, म्हणजे चकमकीच्या टेकड्या. झेब्युलन पाइक या शोधप्रवाशानं १८०६ साली इथून जाताना या टेकड्यांची आणि त्यांतल्या दगडाची नोंद केली. वरचा मातीचा थर पातळ, खाली चुनखडक आणि त्यात चकमकीच्या दगडाचे पट्टे. नांगर चालेना, म्हणून शेती झाली नाही. त्यामुळेच माणसाच्या उंचीच्या गवताची जी कुरणं एके काळी उत्तर अमेरिकेत दूरवर पसरली होती आणि आता चार टक्केही उरली नाहीत, त्यांचा सर्वांत मोठा तुकडा इथे शाबूत आहे. वसंतात गुराखी गवत पेटवतात. रात्री टेकड्यांवर आगीच्या रेघा दिसतात आणि काही आठवड्यांत सगळं हिरवंगार होतं. मग गुरं येतात.

२००६ साली जिम कमिन्स आणि जोएल डाइक यांनी इथे २०० मैलांची, म्हणजे सुमारे ३२२ किलोमीटरांची शर्यत ठेवली. ३४ जण आले. आता हजारोंच्या संख्येनं येतात आणि प्रवेशासाठी सोडत काढावी लागते. शर्यतीच्या आधीच्या नावात इथल्या मूळ रहिवासी कॉ जमातीचं नाव ‘डर्टी’ या शब्दाला जोडलेलं होतं. याच जमातीच्या नावावरून कॅन्सास हे राज्याचं नाव पडलं आणि १८७३ साली तिलाच इथून ओक्लाहोमाकडे हलवलं गेलं. आक्षेप वाढल्यावर २०२० मध्ये शर्यतीचं नाव बदलून ‘अनबाउंड’ केलं.

नाव बदललं, दगड तोच आहे. ज्या चकमकीपासून इथले मूळ रहिवासी बाणांची टोकं घडवत, तिच्याच कपच्या आता टायरची बाजू चाकूसारखी चिरतात. कॅन्सासला जाणारा स्वार फोटो टेकड्यांचे काढतो आणि बोलतो मात्र टायरबद्दल.

चिखलाची तर वेगळीच कथा. २०२३ साली सुरुवातीनंतर काही मैलांतच असा पट्टा लागला की चाकं फिरेनात. जगातले नामांकित स्वार सायकली खांद्यावर घेऊन शेतमजुरांसारखे ओळीनं चालले. अनुभवी मंडळी खिशात रंग ढवळायची लाकडी पट्टी ठेवतात, ती सांगाडा आणि चाक यांमधला चिखल खरवडायला. विदर्भात किंवा मराठवाड्यात पावसाळ्यात काळ्या रानातून सायकल आणलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तिथे मडगार्डमधला गोळा काढायला बाभळीची काडी लागते, एवढाच फरक.

रुंद टायर, कमी हवा

या रस्त्यांसाठी वेगळी सायकल निघाली, ती गेल्या पंधरा वर्षांत. लांबून पाहिली तर ती शर्यतीच्या सायकलसारखीच दिसते, बकऱ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं हँडल वगैरे. जवळ गेलं की फरक कळतो. हँडलची टोकं बाहेर फाकलेली असतात, म्हणजे खडबडीत उतारावर हात रुंद धरून तोल सांभाळता येतो. सांगाडा जरा लांब आणि स्थिर. ब्रेक रिमला चिमटा घेणारे नाहीत, चकतीचे, कारण चिमट्याच्या ब्रेकमध्ये रुंद टायर मावत नाही आणि चिखलात तो धरतही नाही. सर्वांत हलक्या गिअरमध्ये पेडलचा एक फेरा झाला की मागचं चाकही जवळपास एकदाच फिरतं, त्यामुळे दहा-बारा टक्क्यांचा कच्चा चढ बसल्या बसल्या चढता येतो. ‘शिमानो’ या जपानी कंपनीनं २०१९ मध्ये खास खडीच्या रस्त्यांसाठी सुट्या भागांचा संच काढला, तेव्हा हा छंद मुख्य बाजारात आल्याचं सर्वांनी मानलं.

पण सगळी जादू टायरमध्ये आहे. शर्यतीच्या सायकलचं टायर पूर्वी २३ मिलिमीटर रुंद असे आणि त्यात शंभर पीएसआयच्या वर हवा दगडासारखी ठासत. खडीसाठीचं टायर ४० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद, आणि हवा तीस-चाळीस, म्हणजे मोटारीच्या टायरइतकीच. कमी हवा म्हणजे जड सायकल, असं आपण लहानपणापासून शिकलो. डांबरावर त्यात तथ्य आहे. खडीवर उलटं होतं. टणक टायर प्रत्येक दगडावर चढतं आणि सायकलीसकट माणसाला वर उचलतं. ती ताकद पुढे जाण्यातून वजा होते आणि मनगटात, पाठीत जिरते. मऊ टायर दगडाला पोटात घेतं. माणूस जागच्या जागी राहतो, चाक पुढे जातं.

हवा कमी ठेवली की ट्यूब रिम आणि दगडामध्ये चेमटून फुटते. म्हणून आता ट्यूबच काढून टाकतात. टायरच्या आत पातळ रबरी चिकासारखं द्रव्य ओततात. काटा घुसला की ते भोकाकडे धावतं आणि वाळून भोक बुजवतं. बाभळीच्या मुलखात राहणाऱ्यांना यापेक्षा मोठा शोध सांगता येणार नाही.

रस्त्याचंही एक शास्त्र आहे. कच्च्या रस्त्यावर काही ठिकाणी पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडतात आणि दात खिळखिळे होतात. हे खराब गाड्यांमुळे किंवा हलक्या कामामुळे होतं, असा समज आहे. निकोलस ताबर्ले, स्टीफन मॉरिस आणि जिम मॅकएल्वेन या भौतिकशास्त्रज्ञांनी फिरत्या गोल वाफ्यात वाळू पसरून तिच्यावर चाक चालवून पाहिलं आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वेगानं एक ठरावीक मर्यादा ओलांडली की स्प्रिंग नसलेलं साधं चाकसुद्धा वाळूत लाटा पाडतं. ग्रेडर फिरवून रस्ता सपाट केला, तरी वाहनं त्या वेगानं धावत राहिली की लाटा पुन्हा उठणारच.

त्यातून सायकलवाला वाट काढतो ती नजरेनं. चाकाच्या पुढ्यात बघायचं नाही, दहा-पंधरा मीटर पुढे बघायचं. वळणाआधी ब्रेक, वळणात नाही. उतारावर वजन थोडं मागे, कोपरं सैल. सुट्या खडीत हँडल घट्ट आवळलं की पडलाच. तिथे सायकलला थोडं डुलू द्यायचं. आणि गाड्यांच्या चाकांनी दाबलेली चाकोरी पकडायची, कारण रस्त्यात सर्वांत गुळगुळीत पट्टा तोच असतो. चाकोरीबाहेरचं काही करायचं म्हणून घर सोडलेला माणूस दिवसभर डोळ्यांत तेल घालून चाकोरीच शोधत असतो.

जागतिक सायकल संघटनेनं २०२२ पासून या प्रकाराची विश्वविजेतेपद स्पर्धा सुरू केली. पहिली इटलीच्या व्हेनेतो प्रांतात झाली. पुरुषांत बेल्जियमचा जियानी व्हेर्मीर्श आणि स्त्रियांत फ्रान्सची पोलीन फेराँ-प्रेव्हो विजयी झाले. पोस्टकार्डावर नाव पाठवण्याच्या काळातल्या मंडळींना हे फारसं रुचलं नाही. प्रायोजक आले, व्यावसायिक संघ आले, पुढच्या गटात मिळून डावपेच आखणं आलं. तरीही एक गोष्ट टिकली आहे. एम्पोरियात जगज्जेता आणि पोस्टमास्तर एकाच वाटेवर सुटतात. पहिला नऊ-दहा तासांत पोहोचतो, शेवटचे मध्यरात्र उलटल्यावर येतात आणि मुख्य रस्त्यावर त्यांच्यासाठी टाळ्या वाजवणारी माणसं तोवर थांबलेली असतात.

मोसे, आंबी, गुंजवणी

सह्याद्रीच्या पूर्वेकडची रचना या छंदासाठी मुद्दाम केल्यासारखी आहे. घाटमाथ्यावरून मुळा, मुठा, मोसे, आंबी, गुंजवणी, वेळवंडी, नीरा अशा नद्या डोंगरसोंडांच्या मधून पूर्वेला उतरतात. बहुतेकींवर धरणं आहेत. जलाशयाच्या कडेनं वाडीवस्तीला जाणारे रस्ते नागमोडी, चढउताराचे आणि कमी वर्दळीचे. पुण्यातले सायकलवाले त्यांवर वर्षानुवर्षं जातात, ग्रॅव्हल हा शब्द ऐकण्याच्या आधीपासून. त्यासाठी लाखभराची नवी सायकल लागतेच असं नाही. रुंद टायरची, बरे ब्रेक असलेली साधी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, चालते. हवा थोडी कमी करायची आणि पाणी जास्त घ्यायचं.

मात्र इथे तस्कनीची नक्कल करायला गेलं, की एक अडचण येते. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेनं पाचशेहून जास्त वस्तीच्या, आणि डोंगराळ भागात अडीचशेहून जास्त वस्तीच्या ठिकाणांना बारमाही रस्ता द्यायचं ठरवलं. बाळंतिणीला पावसाळ्यात डोलीतून आणावं लागणं किंवा दूध वेळेवर डेअरीत न पोहोचणं ज्या वस्तीनं सोसलं, तिच्यासाठी डांबर ही कुरूपता नाही. सायकलवाल्याला ज्या रस्त्याचं कच्चेपण गोड वाटतं, त्याच्या डांबरीकरणासाठी कोणीतरी दहा वर्षं ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत खेटे घालत असतो. तस्कनीत रस्ते वाचले, कारण माणसं निघून गेली होती. इथे माणसं आहेत.

तरीही सगळंच डांबराखाली जातं असं नाही. शेताच्या बांधांमधली पाणंद, धरणाच्या कालव्यालगतचा देखभालीचा रस्ता, खिंडीतली जुनी गाडीवाट, कोकणातली जांभ्याची लाल वाट या ठिकाणी डांबराची मागणीही नसते आणि गरजही. त्यातल्या कित्येक वाटा वापराअभावी बाभळी-घाणेरीनं बुजत चालल्या आहेत. तिथून चार सायकली रोज गेल्या, तर शेतकऱ्याची तक्रार बहुधा नसते. फाटक उघडलं तसं लावून घ्यावं आणि पिकातून जाऊ नये, एवढंच त्याचं म्हणणं.

तिकडे तस्कनीत, सिएनाजवळच्या मोंते सान्ते मारीए या साडेअकरा किलोमीटरांच्या पांढऱ्या पट्ट्याच्या तोंडाशी एक दगड उभा केला आहे. त्यावर फाबियान कान्चेलारा या स्विस स्वाराचं नाव कोरलंय. २००८, २०१२ आणि २०१६ अशी तीन वेळा त्यानं ‘स्त्रादे बियांके’ शर्यत जिंकली, म्हणून हा पट्टा त्याच्या नावे केला. मार्चमधल्या एका शनिवारी इथे हेलिकॉप्टरं घिरट्या घालतात आणि टेकडीवर माणसांच्या रांगा लागतात. सोमवारी शर्यतीच्या खुणा निघालेल्या असतात. चाकांनी उधळून कडेला गेलेली खडी परत मधे ओढली जाते, आणि गव्हाच्या रानाकडे निघालेला ट्रॅक्टर त्या दगडापाशी वेग न कमी करता वळतो. त्याच्या मागे पांढऱ्या धुळीचा लोट बराच वेळ हवेत राहतो.